रजिस्टर परत पाठवून काय साधते?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याची निगा आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. आज टपालाविषयी लिहिणार आहोत. शेतकी विभागाच्या माणसाने पोस्टाच्या कारभारात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण ऊस नोंदीचे जुने कागद चाळत असताना कार्यालयाच्या कपाटात परत आलेल्या पाकिटांचा एक गठ्ठाच आमच्या हाती लागला. कारखान्याने सभासदांना सहीने पाठवलेली आणि पोस्टाने शेरा मारून माघारी आणलेली ही पाकिटे. कुणावर 'घेण्यास नकार', कुणावर 'घर बंद', कुणावर 'पत्ता अपुरा', तर कुणावर नुसते 'मयत'. नावे वाचली तर त्यांतली बरीचशी माणसे आम्हाला आठवड्यातून एकदा बांधावर भेटणारी. गाव सोडून कुठे गेलेली नाहीत, की घराला कुलूप लावून बसलेली नाहीत. पोस्टमन दिसला की ती मागल्या दाराने गोठ्यात जातात, एवढेच.

त्यातल्या एका पाकिटाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण ते सभासदही हे पत्रक वाचतात.

खंडाळ्याच्या कातळावर ऊस होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण पवनेच्या काठी वडिलार्जित जमीन आणि पोटासाठी नोकरी खंडाळ्या-लोणावळ्यात, असे आपले सभासद आहेत. हे गृहस्थ त्यांतलेच. खंडाळ्यात मुंबईच्या एका साहेबांच्या बंगल्यावर रखवालीला असतात. साहेब येणार पावसाळ्यात दोन-चार वेळा, बाकी वर्षभर फाटकाशी हेच. साहेबांचे टपाल, पार्सल, बँकेची पाकिटे, सगळे हेच सही करून घेतात आणि नीट कपाटात ठेवतात. त्यात कधी चूक नाही. आणि त्याच पोस्टमनने एके दिवशी त्यांच्या स्वतःच्या नावचे रजिस्टर पुढे केले तर म्हणाले, "माझं नाय ते, परत लावा."

आम्ही विचारले, का हो? तर म्हणाले, "साहेब, सही केली की माणूस अडकतो. नाय घेतलं तर उद्या म्हणता येतं, मला कागद मिळालाच नाय."

पाकिटात काय होते? वडील वारले आहेत, त्यांच्या नावचा भाग आणि उसाची नोंद वारसांच्या नावे करायची आहे, तरी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद गट कार्यालयात आणून द्यावेत. बस. ना वसुली, ना जप्ती. ते पाकीट परत आले आणि नोंद वडिलांच्याच नावे राहिली. हंगामात ऊस तुटला, काट्यावर वजन झाले, बिलही निघाले, ते मयताच्या नावावर. आणि मयताचे बँकेतले खाते तर घरच्यांनीच बंद करून घेतलेले! ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यावे लागते. उशिराच्या व्याजाबद्दल सभासद आमच्याशी तावातावाने भांडतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण इथे द्यायला कारखाना तयार, घ्यायला मात्र कागदावर जिवंत माणूस नाही. मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा हे गृहस्थ गट कार्यालयात आले आणि चिटबॉयवर ओरडले. आम्ही त्यांना कपाटातले पाकीट काढून दाखवले. त्यावर पोस्टमनच्या हातचा शेरा आणि तारीख होती. ते बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिले. आम्हालाही पुढे बोलवेना.

सहीची ही भीती अडाणीपणाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिला कारण आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने गाठली ती कशासाठी? खतपत्रांसाठी. ज्या कागदांवर आपल्या बापजाद्यांनी अंगठे उठवले होते, ते कागद त्यांनी चव्हाट्यावर आणून जाळले. कागदात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते आणि अंगठा मात्र आपला होता. त्या दंग्यांनंतर सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि कर्जखते नोंदवून घेण्याची तजवीज करावी लागली. दीडशे वर्षे होत आली, तरी 'सही देऊ नको' हा आजोबांचा सल्ला घराघरांतून चालत आलेला आहे, आणि खतपत्राच्या बाबतीत तो अजूनही खरा आहे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, न वाचलेल्या करारावर सही देऊ नये ती नाहीच.

पण पोस्टमनच्या कागदावरची सही निराळी. 'हे पाकीट अमुक तारखेला माझ्या हाती पडले' एवढाच तिचा अर्थ. आतला मजकूर कबूल आहे असे तिने ठरत नाही. आत कोणी खोटी बाकी दाखवली असेल, भलताच दावा केला असेल, तर तो नाकारायची वाट पाकीट घेतल्यावरच उघडते. न घेतल्याने ती उघडत तर नाहीच, उलट बंद होते.

ती कशी, ते ऐका. १८९७ चा सर्वसाधारण खंडांचा कायदा, इंग्रजीत ज्याला जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतात, त्याचे २७ वे कलम असे की बरोबर पत्ता लिहून, पुरेसा आकार भरून कागद रजिस्टर टपालाने टाकला की तो पोचला असे कायदा धरून चालतो. मिळाला नाही हे दाखवायचे ओझे घेणाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलवी हाजी यांच्या खटल्यात न वटलेल्या चेकच्या नोटिशीबाबत हेच मोठ्या पीठापुढे पक्के केले. पत्ता बरोबर असेल तर 'घेण्यास नकार', 'घर बंद', 'पत्त्यावर नाही' असे शेरे मारून परत गेलेली नोटीसही बजावली गेली असे धरले जाते. म्हणजे मागल्या दाराने गोठ्यात गेलेला माणूस कायद्याच्या हिशेबी पुढल्या दारात सही करूनच गेलेला असतो. फरक इतकाच की आत काय लिहिले होते ते त्याला ठाऊक नसते.

आपल्यांतले जे सभासद वाहतुकीचे ट्रॅक्टर चालवतात, टोळ्यांना उचल देतात-घेतात, त्यांच्या चेकचे व्यवहार होतात. चेक परत गेला तर समोरच्याने तीस दिवसांत नोटीस पाठवायची आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर फौजदारी टळते. हे पंधरा दिवस म्हणजे कायद्याने तुम्हाला दिलेली सवड आहे. पाकीट नाकारणारा आपली सवड आपल्या हाताने फुकट घालवतो.

मावळात तर जमिनीची गोष्ट यापेक्षा मोठी. आधी धरणे झाली, मग द्रुतगती मार्ग झाला, औद्योगिक वसाहत झाली, आता रिंग रोडची आखणी उर्स्यापासून सुरू होते. आपल्या तालुक्यात संपादनाची नोटीस ज्या घरात आली नाही असे घर शोधावे लागेल. १८९४ चा भूसंपादन कायदा २०१३ च्या अखेरीपर्यंत चालला, १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. दोन्हींत एक तरतूद सारखी आहे, ती प्रत्येकाने ध्यानात धरावी. निवाड्याची रक्कम कमी वाटली तर वाढीव भरपाईसाठी अर्ज करता येतो, पण त्याला मुदत आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. नव्या कायद्यात पुरेसे कारण दाखवून उशिराचा अर्ज आणखी वर्षभरापर्यंत घेता येतो, हे खरे. पण 'मी नोटीस घेतलीच नाही' हे पुरेसे कारण कोणत्या तोंडाने सांगणार? रक्कम घेताना 'हरकत राखून घेत आहे' असे लिहून द्यावे लागते, नाहीतर वाढीव मागणीचा हक्कच जातो, हेही त्याच वेळी कळायला हवे. जुन्या संपादनांत शेजारी-शेजारी बांध असलेल्या दोन भावकींपैकी एकीला वाढीव पैसे मिळाले आणि दुसरी हात चोळत बसली, असे आमच्या पाहण्यात आहे. एकाने नोटीस घेऊन वडगावला वकील गाठला होता. दुसऱ्याने पोस्टमनला सांगितले होते, "पोरगं मुंबईला हाय, ते आल्यावर या."

फेरफाराचेही तसेच. भावाभावांत वाटणी झाली, कोणी खरेदीखत केले, बहिणीचे नाव लागले किंवा निघाले, की ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, चावडीवर नक्कल लावतात आणि हितसंबंधितांना लेखी कळवतात. हरकत घ्यायला पंधरा दिवस. चावडीवरची नक्कल वाचायला आपण जात नाही आणि घरी आलेला कागद घेत नाही. मग नोंद मंजूर झाल्यावर प्रांताकडे अपिलात हेलपाटे घालतो.

आता आलेले टपाल घ्यायचे कसे, याबद्दल दोन शब्द. पाकिटावरचे नाव आधी वाचावे. आपल्या वाडीत एकाच नावाची तीन-तीन माणसे असतात, आणि चुलत्याचे पाकीट पुतण्याने फोडल्याने घराघरांत वैर आल्याची उदाहरणे आहेत. पाकीट फाटलेले, पुन्हा चिकटवलेले दिसले तर सही करण्यापूर्वी पोस्टमनला दाखवावे. सहीखाली तारीख आपल्या हाताने घालावी. सही येत नसेल तर अंगठ्याला कमीपणा नाही, शेजारी एक जाणता माणूस साक्षीला घ्यावा. आणि पाकीट फोडल्यावर ते चुलीत घालू नये. सगळे जण आतला कागद जपतात आणि पाकीट टाकून देतात. पण मुदत कधीपासून मोजायची याचा पुरावा पाकिटावरच्या शिक्क्यात असतो. कागद आणि पाकीट टाचणीने एकत्र लावून सात-बाराच्या पिशवीत ठेवावे.

घरी कोणी नसले तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी टाकतो आणि पाकीट साधारण सात दिवस पोस्टात थांबते. ओळखीचा पुरावा घेऊन आपण गेलो तर मिळते. स्वतःला जाणे जमत नसेल तर घरातल्या कोणाला लेखी अधिकारपत्र द्यावे. तोडणीच्या धांदलीत सात दिवस कसे जातात ते आम्हाला सांगायला नको, म्हणून चिठ्ठी दिसली की त्याच दिवशी दुधाच्या फेरीबरोबर कोणाला तरी पाठवावे हे बरे.

यात अलीकडे एक बदल झाला आहे. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केले. स्पीड पोस्ट १९८६ साली सुरू झाले होते, रजिस्टर त्याहून कितीतरी जुने. आपण अजून 'रजिस्टर'च म्हणतो, आम्हीही या लेखात तेच म्हणत आहोत. पण व्यवहारात फरक पडला आहे. रजिस्टर ज्याच्या नावे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्या हाती द्यायचे असे. स्पीड पोस्ट पत्त्यावर जो असेल त्याच्या हाती पडू शकते. त्याच माणसाच्या हाती पडावे असे पाठवणाऱ्याला वाटत असेल तर तो पाच रुपये आणि कर जादा भरून तशी नोंद करतो. तेव्हा यापुढे सही करणारी व्यक्ती घरातली सून असेल, शाळेतला मोठा मुलगा असेल. त्यांना आधी सांगून ठेवले पाहिजे की असे काही आले तर घ्यायचे, आणि संध्याकाळी सर्वांत आधी ते दाखवायचे.

दुसरे ओटीपीचे. तितकेच पैसे भरून पाठवणारा अशीही सोय घेऊ शकतो की मोबाईलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय पाकीट मिळणार नाही. आपल्या सभासदांनी कागदोपत्री दिलेले मोबाईल नंबर कोणाचे असतात? पुतण्याचा, दुकानदाराचा, नाहीतर सहा वर्षांपूर्वी बंद पडलेला. आणि डोंगराच्या पोटातल्या वाड्यांना रेंज मिळते ती देवळाच्या पायरीवर उभे राहिल्यावर. ही सोय आपल्यासाठी सोय ठरेलच असे नाही. तरी चालू नंबर देऊन ठेवणे आपल्या हातात आहे. मात्र एक सावधगिरी हवी. टपालाचा आकडा दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला सांगायचा. 'पोस्टातून बोलतोय' असे फोनवर म्हणणाऱ्या परक्याला अजिबात नाही.

एवढे सभासदांना सुनावल्यावर आमच्या कार्यालयाकडेही बोट दाखवले पाहिजे. गठ्ठ्यातल्या 'पत्ता अपुरा' शेऱ्यांची जबाबदारी आमची आहे. भागांच्या जुन्या नोंदवहीत कित्येकांचा पत्ता नुसता 'मु. पो. खंडाळा' असा आहे. खंडाळे एक का आहे? आपले मावळातले खंडाळा, पिन ४१०३०१. सातारा जिल्ह्यात खंडाळा नावाचा अख्खा तालुका आहे, त्याचा पिन ४१२८०२. शिवाय इतर जिल्ह्यांत खंडाळा नावाची गावे आहेत ती वेगळीच. पिन नसलेले पाकीट साताऱ्याकडे फिरून यायला वेळ लागतो, आणि तोवर नोटिशीतली तारीख उलटून जाते. हा घोळ टाळावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. सारख्या नावांच्या गावांनी गोंधळलेल्या देशाला मराठी माणसाने सहा आकडे दिले, आणि आमच्या नोंदवहीत ते पन्नास वर्षांनंतरही सर्वत्र पोचलेले नाहीत.

आमची भाषाही तशीच. 'सदरहू विषयी आपणांस याद्वारे सूचित करण्यात येते की' अशी सुरुवात झाली की वाचणाऱ्याची छाती धडधडते. पूर्वी तार आली की घरात रडारड सुरू व्हायची, मजकूर वाचायच्या आधीच. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ती धास्ती रजिस्टरच्या वाट्याला आली, आणि ती वाढवण्यात आमच्यासारख्या कार्यालयांचा हात आहे. वारसाचे कागद आणायला सांगणारे पत्र आणि वसुलीची नोटीस एकाच छापाच्या पाकिटात, एकाच सुरात गेली तर सभासदाने दोन्हींना भ्यावे यात नवल ते काय? आम्ही व्यवस्थापनाला लेखी सुचवले आहे की पत्राच्या पहिल्या दोन ओळींत साध्या मराठीत काम काय आणि शेवटची तारीख कोणती ते ठळक लिहावे. वसुलीखेरीजची पत्रे पाठवण्याआधी चिटबॉयमार्फत सभासदाला तोंडी कळवावे. 'मयत' असा शेरा आलेले पाकीट कपाटात न टाकता त्याच आठवड्यात गट कार्यालयाकडे पाठवावे, म्हणजे आमचा माणूस घरी जाऊन वारसांना भेटेल. मान्य होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या विभागापुरते तरी आम्ही हे सुरू केले आहे.

आणि पोस्टमनबद्दल. वाड्यावस्त्यांवर टपाल आणणारे बरेचसे ग्रामीण डाकसेवक आहेत. त्यांची नोकरी दिवसाची चार-पाच तासांची धरलेली, पण मावळच्या पावसात चढ चढून वाडी गाठायची तर घड्याळ कोण पाहतो? त्यांच्यापैकी एक जण आम्हाला म्हणाला, "साहेब, पेन्शनचे पैसे आणले की चहा मिळतो, रजिस्टर आणलं की कुत्रं सोडतात." 'घेण्यास नकार' असा शेरा मारताना त्यालाही बरे वाटत नाही. तो त्याच गावात राहतो, त्याच जत्रेला येतो. काही जण त्याला गळ घालतात, "लिही ना, गावात नाय म्हणून." खोटा शेरा मारला तर त्याची नोकरी जाते आणि आपले काम काही होत नाही. उलट त्याच्याशी दोन शब्द बोलून ठेवले, अमुक वेळी घरी असतो, नसलो तर डेअरीवर असतो, असे सांगितले, तर तो चार पावले जास्त चालतो हा आमचा अनुभव आहे.

अनुभव म्हणालो म्हणून आमचेही एक सांगून टाकतो. आमच्या नावचे एक सहीचे पाकीट शेजारच्या आजींनी प्रेमाने घेतले, पावसात भिजू नये म्हणून तांदळाच्या डब्यावर ठेवले आणि त्या विसरल्या. गौरी-गणपतीला डबा काढला तेव्हा ते सापडले. एका प्रशिक्षणाला निवड झाल्याचे पत्र होते. हजर राहायची तारीख महिन्यापूर्वी होऊन गेलेली. आजींना काय बोलणार? तेव्हापासून घराच्या दारावर आमचे नाव, गट नंबर आणि चालू मोबाईल रंगवून ठेवला आहे, आणि आजींना सांगितले आहे की पाकीट आले तर घ्या, पण लगेच फोन करा.

येत्या लागण हंगामात ऊस नोंदीसाठी आमचे कर्मचारी बांधावर येतील तेव्हा नोंदीच्या अर्जासोबत पत्त्याचा एक वेगळा कागद देतील. त्यात वाडी, गाव, पोस्ट, तालुका मावळ, जिल्हा पुणे, पिन आणि चालू मोबाईल लिहून द्यावा. नोकरीसाठी खंडाळ्या-लोणावळ्यात राहणाऱ्यांनी टपाल जिथे खरोखर हाती पडते तो पत्ता द्यावा, बंगल्याचा असला तरी चालेल. ज्यांच्या घरी सभासद वारले आहेत त्यांनी मृत्यूचा दाखला त्याच वेळी काढून ठेवावा. कपाटातला गठ्ठा आम्ही गावनिहाय लावून गट कार्यालयांत ठेवला आहे. आपले नाव त्यात असेल तर येऊन न्यावे, सही लागेल.